सुटली बिचारी

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी गाडी हट्टा रोडला थांबते न थांबते तोच हलते. आमच्या लहानपणी इथं नॅरोगेज होती. चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून पुन्हा त्याच गाडीत चढता येतं, असं आम्ही नागपूरच्या मावसभावांना बिनदिक्कत सांगायचो. आता ब्रॉडगेज आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसानं पिशव्या हातात घेऊन दारातच उभं राहावं लागतं. स्टेशनाबाहेर ऑटोवाला हिंदीत विचारतो, मी मराठीत उत्तर देतो आणि पुढचं सगळं बोलणं पोवारी बोलीत होतं. जिल्हा मध्य प्रदेशात, बाजार गोंदियाचा आणि सोयरिकी भंडाऱ्यापर्यंत, अशी आमची तऱ्हा.

हट्ट्याला बाहेरचं कोणी आलंच तर बावलीसाठी येतं. पुण्याकडचे लोक बारव म्हणतील. गोंड राजा हटेसिंह वल्के याच्यावरून गावाला नाव पडलं आणि बावलीही त्यानंच बांधली, असं गाव सांगतं. पायऱ्या उतरत गेलं की जमिनीखाली मजले लागतात. नक्षीचे दगडी खांब, बाजूला ओवऱ्या, आणि भर मे महिन्यातही अंगाला लागणारा गारवा. इथून थेट लांजीच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणतात. मी पन्नास वर्षं ऐकतोय, त्यातून जाऊन आलेला माणूस अजून भेटायचा आहे.

माझी मोठी आत्या या बावलीच्या वरच्या पायरीवर बसायची. वय चाळिशीचं, समज पाचसहा वर्षांच्या लेकराची. गाव तिला भोळी म्हणे. शाळेच्या पुस्तकात तेव्हा मतिमंद हा शब्द होता, आताच्या सरकारी कागदात बौद्धिक दिव्यांग. एकदा तिला ताप आला म्हणून वडील आणि आजी तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही सोबत होतो. डॉक्टर भला माणूस. ताप पाहिला, औषध दिलं, पैसेही कमी घेतले. मग आजीकडे वळून म्हणाले, "मावशी, दर महिन्याला हिचं सगळं तुम्हीच करता ना? हिची पिशवी काढून टाका. कटकट मिटेल. हिच्याच भल्यासाठी सांगतो." वडिलांनी मान हलवली होती. आजी म्हणाली, "तिले विचारलं का?" डॉक्टर हसले. तिला काय विचारायचं! आजीनं आत्याचा हात धरला आणि उठली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला आजीचीच लाज वाटली होती, हे इथं सांगून टाकतो.

पुढं काही वर्षांनी आत्या न्यूमोनियानं गेली. तेरवीला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून पानावर बसत होता: "सुटली बिचारी."

हे वाक्य मला पुन्हा भेटलं ते जर्मनीत.

माझी भाची फ्रँकफर्टला नोकरी करते. मी कोषागारातून निवृत्त झालो तेव्हा तिनं तिकीट पाठवलं. राजवाडे, चर्चं, नदीतली बोट असा तिचा बेत होता. बर्लिनमध्ये दोन दिवस होतो. फिलहार्मोनी या संगीतगृहाची पिवळी, तंबूसारखी इमारत पाहायला आम्ही दोनशे नंबरच्या बसनं गेलो. उतरलो त्या थांब्याजवळ रस्त्याकडेला फिकट निळ्या काचेची एक लांबच लांब भिंत उभी होती. चोवीस मीटर. काचेपलीकडची माणसं निळी दिसत होती. मला वाटलं, काहीतरी आधुनिक कला असेल. भाचीनं पाटी वाचली आणि गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, इथं तुमच्यासारखं ऑफिस होतं."

टियरगार्टनश्ट्रासे ४. या पत्त्यावर एक बंगला होता, युद्धात पडला. पत्त्याच्या आद्याक्षरावरून त्या कारभाराला टी-४ म्हणतात. जर्मनीतल्या मनोरुग्णालयांत आणि आश्रमांत राहणारी मतिमंद, वेडसर, फेफरं येणारी, पांगळी माणसं हुडकून मारण्याचं काम या बंगल्यातून चाले. हे नुसतं पोलिसांचं किंवा गुंडांचं काम नव्हतं. निवड करणारे डॉक्टर, मारणारे डॉक्टर, मृत्यूचा दाखला लिहिणारेही डॉक्टर. २०१४ साली उभारलेल्या या स्मारकाच्या लांब टेबलावर सगळी हकिगत मांडलेली आहे. जर्मन आणि इंग्रजीसोबत ती सोप्या जर्मनमध्येही लिहिली आहे, लहान लहान वाक्यांत, ज्यांची समज बेताची त्यांना वाचता यावी म्हणून. माझ्या आत्यासाठी इतिहास लिहिलेला मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

पस्तीस वर्षं मी बिलं तपासली आहेत. त्यामुळे माझी नजर आधी कागदांवर गेली. पहिला कागद हिटलरचा. त्याच्या खाजगी लेटरहेडवर चार ओळी: राइशलायटर, म्हणजे नाझी पक्षाचे बडे अधिकारी, बूलर आणि डॉक्टर ब्रांट यांनी ठरावीक डॉक्टरांचे अधिकार वाढवावेत, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना दयामरण देता येईल. तारीख १ सप्टेंबर १९३९, म्हणजे युद्ध सुरू झालं तो दिवस. प्रत्यक्षात सही झाली ऑक्टोबरमध्ये, तारीख मागची टाकली. मागची तारीख का टाकतात हे कोषागारातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि यात हुकूम कुठंच नाही. डॉक्टरांना मारा असं कोणी म्हटलेलं नाही, मारायची परवानगी दिली आहे. कायदा शेवटपर्यंत झाला नाही. सत्तर हजारांवर माणसं एका बिनजावक क्रमांकाच्या पत्रावर मारली गेली.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म. मेल्डेबोगन. देशभरच्या संस्थांना हे फॉर्म पाठवले गेले, प्रत्येक रुग्णाचा एक. नाव, जन्मतारीख, वंश, निदान, किती वर्षं संस्थेत आहे, खर्च कोण देतं. आणि दोन रकाने असे की मी तिथंच थांबलो. एक: भेटायला कोणी नियमित येतं का, आणि कोण. दुसरा: नेमकं काय काम करतो. डावीकडे खाली जाड काळ्या रेघेची एक चौकट, तीत काही लिहू नये अशी सूचना. भरलेला फॉर्म बर्लिनला जाई. त्याच्या प्रती तीन तज्ज्ञ डॉक्टरांकडे जात. रुग्णाला न पाहता, न भेटता, त्या चौकटीत शेरा मारायचा. लाल अधिकचं चिन्ह म्हणजे मरण, निळी वजाबाकी म्हणजे जगू द्या. असे चाळीसेक तज्ज्ञ होते, त्यांत विद्यापीठांचे प्राध्यापकही होते. शेऱ्याचं मानधन फॉर्ममागे काही फेनिग.

संस्थांमधल्या डॉक्टरांना सुरुवातीला हे फॉर्म कशासाठी ते सांगितलं नव्हतं. काहींना वाटलं, युद्धकामासाठी मजूर हवे असतील. आपल्या आश्रमातली कामाची माणसं हातची जाऊ नयेत म्हणून त्यांनी 'काम' या रकान्यात मुद्दाम कमी लिहिलं. चांगली शिवणकाम करणारी बाई 'निरुपयोगी' झाली आणि त्याच शब्दावर गेली. कागदाची ही गंमत मला ठाऊक आहे. आमच्याकडे अशा चुकीनं पेन्शन अडते.

दुसऱ्या दिवशी भाचीला ऑफिसचं काम होतं. मी एकटा मेट्रोनं डाहलेमला गेलो. झाडांनी भरलेला, श्रीमंत, शांत भाग. इथं जाण्याचं कारण मराठी होतं. इनेश्ट्रासे २२ या घरात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचं केंद्र उघडलं आणि थोड्याच काळात आपल्या इरावती कर्वे तिथं पीएच.डी. करायला आल्या. 'युगान्त' वाचलेल्या मराठी माणसाला त्यांची ओळख सांगायला नको. सासरे महर्षी कर्वे यांना सुनेनं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं, नवरा दिनकर कर्वे पाठीशी राहिले, जीवराज मेहतांनी कर्ज दिलं. मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर, संस्थेचे संचालक. विषय होता मानवी कवटीची डावी-उजवी असमानता. या असमानतेचा वंशाशी संबंध लागेल असा फिशर यांचा होरा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि तसं काही दिसत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. चोविशी-पंचविशीतली परदेशी विद्यार्थिनी, ज्या माणसानं पदवी द्यायची त्याच्याच मताविरुद्ध. पुढं त्या परत आल्या. हिटलर यायला अजून अवकाश होता.

संस्था मात्र तिथंच राहिली. १४ जुलै १९३३ला सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर अशी 'आनुवंशिक आरोग्य न्यायालयं' बसली आणि सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. फिशर यांच्या संस्थेनं या कारभाराला शास्त्राचा शिक्का पुरवला, डॉक्टर तयार केले. १९३७ साली ऱ्हाइनलंडमधल्या, आफ्रिकी सैनिकांपासून झालेल्या शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी झाली तिथं तज्ज्ञ म्हणून शेरे मारणारे याच घरातले. फिशरनंतर संचालक झाले फेरशुअर, आणि आउश्वित्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले हा या फेरशुअरांचा शिष्य.

सुप्रजनन हा शब्द आपल्यालाही परका नव्हता. ज्या १९२७ साली डाहलेमला ही संस्था उघडली, त्याच साली ना. सी. फडक्यांनी सुप्रजननाच्या चळवळीची शिफारस करणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि त्याच साली र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' निघू लागलं. ही सुधारक माणसं होती. कर्वे तर बाईच्या हाती तिच्या शरीराचा निर्णय यावा म्हणून आयुष्यभर भांडले. तेव्हा सगळ्या जगालाच हा शब्द शहाणपणाचा वाटे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं नसबंदीचा कायदा १९०७ सालीच केला होता आणि स्वीडननं आपला १९७६ पर्यंत चालवला. चांगली संतती हवी यात वाईट ते काय, असं वाटणाऱ्या माणसाला वाईट काय ते दिसायला वेळ लागतो.

आता त्या घरात राज्यशास्त्र शिकवतात. भिंतीवर पाटी आहे. २०१४ साली जवळच विद्यापीठाच्या ग्रंथालयाशेजारी खोदकामात माणसांची हाडं निघाली. नंतर रीतसर उत्खनन झालं. सोळा हजारांच्या आसपास तुकडे, निदान चोपन्न माणसांचे. कोणाचे, ते ठरवता आलं नाही. मार्च २०२३ मध्ये डाहलेमच्याच दफनभूमीत ते सगळे एकत्र पुरले. मी गेलो तेव्हा पोरं सायकली लावून कॉफीचे पेले घेऊन आत जात होती.

फ्रँकफर्टला परतल्यावर मी भाचीला म्हटलं, मला हादामारला जायचं आहे. टी-४ची माणसं मारण्याची एक जागा तिथं होती. तिनं ऱ्हाइन नदीतल्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. ती रद्द केली, पैसे परत मिळाले नाहीत, आणि तिनं ते मला परतीपर्यंत सांगितलंही नाही.

फ्रँकफर्ट ते लिम्बुर्ग तासाभराची गाडी. लान नदीच्या वर खडकावर सात मनोऱ्यांचं कॅथीड्रल दिसतं. जुन्या हजार मार्कांच्या नोटेवर हेच चित्र होतं; कोषागारी माणसाला नोट आठवते. तिथून छोटी गाडी पकडली की काही मिनिटांत हादामार. लाकडी चौकटींची घरं, खिडक्यांत लाल फुलं, बेकरी. टेकडीवर मनोरुग्णालय. तेव्हाही होतं, आजही आहे. अंगणात एक रुग्ण सिगारेट ओढत बसला होता, त्यानं हात वर करून नमस्कार केला. आम्हीही केला.

मागच्या अंगणात लाकडी गॅरेज आहे. बाहेरून पाहिलं तर गोठा. १९४१ साली हे बांधलं. करड्या रंगाच्या बसगाड्या सरळ आत यायच्या, दार बंद व्हायचं आणि मगच माणसांना उतरवायचे, म्हणजे गावातून कोणाला दिसू नये. ज्या कंपनीच्या या बसगाड्या, तिच्या नावाचा अर्थ 'सार्वजनिक हिताची रुग्णवाहतूक'. गॅरेजमधून आत नेऊन कपडे उतरवत. मग डॉक्टर. प्रत्येकाला मिनिटभर पाहायचा. तपासायला नव्हे, तर या देहाला मृत्यूचं कोणतं खोटं कारण शोभेल ते ठरवायला. कारणांची यादी तयार असे. सोन्याचे दात असतील तर अंगावर खूण. मग तळघर.

तळघरात उतरताना मला बावली आठवली. तोच गारवा. एवढंच साम्य. खालची खोली एखाद्या वाड्यातल्या न्हाणीघरासारखी दिसते, जमिनीला फरशी, लहानशी. एका वेळी पन्नाससाठ माणसं तिच्यात कशी मावत, हे भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी कळत नाही. नळ्यांतून कार्बन मोनॉक्साईड सोडायचा. तो कॉक डॉक्टरनंच फिरवायचा असा दंडक होता. हे वैद्यकीय काम आहे, ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे, असं बर्लिनचं म्हणणं. शेजारच्या खोलीत शवविच्छेदनाचं टेबल आहे. निवडक मेंदू काढून संशोधनसंस्थांना पाठवत. पुढं भट्टी होती तिथं आता रिकामी जागा आहे.

भाची जिन्यावरच थांबली होती. मी तिला खाली बोलावलं नाही.

जानेवारी ते ऑगस्ट १९४१ या आठ महिन्यांत इथं दहा हजारांवर माणसं मारली. दहा हजारावा देह भट्टीत गेला त्या दिवशी कर्मचाऱ्यांना जमवून बिअर वाटली. वर, घरच्यांना पत्रं जात होती. दिलगिरीचा मजकूर छापील, डॉक्टरची सही खोट्या नावाची. आपला मुलगा अपेंडिक्सनं वारला असं पत्र अशाही घरी गेलं जिथं त्याचं अपेंडिक्स कधीच काढून टाकलेलं होतं. एकेका घराला दोन दोन अस्थिकलश पोचले. आणि त्या पत्रांत एक शब्द पुन्हा पुन्हा येई. भाचीनं काचेआडचं पत्र वाचून दाखवलं. असाध्य आजार पाहता हा मृत्यू म्हणजे एरल्योझुंग समजावं. मी विचारलं, म्हणजे? तिनं थोडा वेळ घेतला. "सुटका. आपण म्हणतो ना मामा, सुटली बिचारी."

आजी तेरवीच्या दिवशी पंगतीतच ओरडली होती, ते मला त्या तळघराच्या वर उभं असताना आठवलं. "कोठी अडकली होती ते? घरात तर होती!" सगळे गप्प झाले होते. वडिलांनी वाढपी पोराला जिलबी फिरवायला सांगितली.

गावाला सगळं कळत होतं. धुराडं टेकडीवर होतं, वास खाली येई. लिम्बुर्गचे बिशप हिलफ्रिख यांनी १३ ऑगस्ट १९४१ला न्यायमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्यात शाळेतली पोरंसुद्धा या बसगाड्या ओळखतात, भांडताना एकमेकांना हादामारच्या भट्टीत धाडायची धमकी देतात, असं आहे. त्याच महिन्यात म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन चर्चमधून उघड बोलले. २४ ऑगस्टला हिटलरनं हे थांबवलं. थांबवलं म्हणजे वायू थांबवला. १९४२ मध्ये हादामारला नवे मुख्य डॉक्टर आले, वालमान. रोज सकाळी बैठक भरे, नावं ठरत, रात्री परिचारिका झोपेच्या गोळ्या आणि इंजेक्शनं देत. बाकीच्यांना उपाशी ठेवत. आणखी साडेचार हजार गेले. लोकांना शांत झोप लागत होती, कारण धूर दिसत नव्हता.

टी-४वाल्यांनी हिशेबही ठेवला होता. वायूनं मारलेले ७०,२७३. इतकी माणसं दहा वर्षं जगली असती तर किती खर्च आला असता याचा तक्ता: ८८ कोटी ५४ लाख मार्कांची बचत. पुढं वस्तूवार तपशील. बटाटे, पाव, आणि मुरंबासुद्धा. मी असे तक्ते केले आहेत. योजनेखाली झालेली बचत, प्रपत्र ब. आकडे जुळवताना एक समाधान असतं, ते मला माहीत आहे. म्हणून तो तक्ता मी दोनदा पाहिला नाही.

जिवाच्या भीतीनं डॉक्टरांनी केलं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. पण ऑगस्ट १९४०च्या बैठकीत ग्यॉटिंगेनचे प्राध्यापक गॉटफ्रीड एवाल्ड यांना तज्ज्ञ म्हणून काम करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. त्यांना बैठकीतून जायला सांगितलं, बस. फाशी नाही, तुरुंग नाही, प्राध्यापकीही गेली नाही. लोथार क्रायसिग नावाच्या न्यायाधीशानं तर थेट बूलरविरुद्ध खुनाची फिर्याद केली. त्याला सक्तीनं निवृत्त केलं आणि तो शेती करत बसला. नाही म्हणण्याची किंमत एवढी होती. ती द्यायला फार थोडे तयार झाले. जवळजवळ निम्मे जर्मन डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद होते. त्यांना कोणी ओढून नेलं नव्हतं. प्राध्यापकी, संशोधनाला मेंदू, ज्यू डॉक्टरांना हाकलल्यानं मोकळ्या झालेल्या जागा आणि शिवाय आपण राष्ट्राचं आरोग्य राखतो हे समाधान.

पुढचं न्यायाचं प्रकरण थोडक्यात आटोपतं, कारण न्यायच थोडक्यात आटोपला. न्यूरेम्बर्गच्या डॉक्टर-खटल्यात वीस डॉक्टर उभे होते. हिटलरच्या पत्रातल्या त्या कार्ल ब्रांटला जून १९४८ मध्ये फाशी झाली. त्या निकालातूनच माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग करू नये हा नियम लिहिला गेला. वालमान काही वर्षांत सुटला. फॉर्मवरच्या शेऱ्यांचा मुख्य तज्ज्ञ वेर्नर हायडं हा फ्लेन्सबुर्ग शहरात 'डॉक्टर सावाडे' या नावानं कित्येक वर्षं राहिला आणि कोर्टांना वैद्यकीय अहवाल लिहून देत राहिला. तिथल्या बऱ्याच डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना तो कोण ते माहीत होतं. जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं माफी मागितली ती २०१० साली.

जर्मनीहून आल्यावर दोन महिन्यांनी मी पुण्यात एका लग्नाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी, कोणाला न सांगता, शिरूरची एस.टी. पकडली.

शिरूर म्हणजे घोडनदी. नगर रस्त्यावर वाघोलीपर्यंत गर्दीत रखडलं की पुढं शेतं, कारखाने, रांजणगावचा गणपती. गावात उतरून चहा घेतला. मला कुठं आत जायचं नव्हतं, कोणाला भेटायचंही नव्हतं. या गावात मतिमंद मुलींचं सरकारी वसतिगृह होतं आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली, एवढं मला ठाऊक होतं. आजार नव्हता. कारण सांगितलं गेलं पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचं. मुलींना स्वतःचं करता येत नाही, कर्मचारी अपुरे, कपडे खराब होतात. मुंबईहून नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ आले होते. अकरा जणींच्या शस्त्रक्रिया झाल्या तोवर बातमी फुटली. स्त्रीसंघटना आणि आरोग्य चळवळीतले डॉक्टर रस्त्यावर आले, मुख्यमंत्र्यांनी पुढच्या शस्त्रक्रियांना स्थगिती दिली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

मला हे दोन्ही एका तागडीत घालायचं नाही. ससूनमध्ये कोणाला मारायचं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना आपण मदत करतो आहोत असं मनापासून वाटत होतं, आणि काही आयांनीही तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांची बाजू घेतली होती. घरी अशी मुलगी असलेल्या आईला नावं ठेवायचा अधिकार मला नाही; आजीचे हात साबणानं कसे फुटायचे ते मी पाहिलं आहे. पण वसतिगृहात आई नव्हती, सरकार पालक होतं. कर्मचारी वाढवणं, पाणी देणं, शिकवणं हे खर्चाचं काम, आणि पिशवी काढणं एकदाच. शिवाय विरोध करणाऱ्यांनी विचारलेला एक प्रश्न तसाच राहिला: पाळी गेली की गर्भही राहणार नाही, मग कोणी त्या मुलीवर हात टाकला तर कळणार कसं?

एका बाबतीत ससूनच्या डॉक्टरांचं आणि टियरगार्टनश्ट्रासेच्या तज्ज्ञांचं जमलं. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला विचारायची गरज दोघांनाही भासली नाही. आत्याला पाहणाऱ्या त्या भल्या डॉक्टरांनाही नाही.

नंतर कायदा हळूहळू आजीच्या प्रश्नापर्यंत आला. चंडीगडच्या नारी निकेतनातल्या एका मतिमंद मुलीचा गर्भ पाडावा असं उच्च न्यायालयानं म्हटलं होतं. तिला मूल हवं होतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं तिचं ऐकलं, आणि निकालात सुप्रजननाच्या जुन्या विचाराचा नाव घेऊन निषेध केला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात आहे की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही. "तिले विचारलं का" याचं सरकारी भाषांतर.

शिरूरहून परतीच्या बसला उभं राहावं लागलं.

या डिसेंबरात हट्ट्याला आलो तो घराच्या वाटणीच्या कागदांसाठी. काम तासाभराचं, पटवारी आला संध्याकाळी. दुपारभर शेजारच्या काकूंकडे बसलो होतो. त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. अंगणात नव्या चिन्नौरचा वास होता. आमच्या या तांदळाला मध्यंतरी भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भाव चढला आणि घरी खायला कमी उरतो, अशी काकूंची तक्रार.

माझ्या मोबाईलमध्ये बर्लिनच्या त्या फॉर्मचा फोटो आहे. का ठेवला, सांगता येत नाही. काकूंना मी जर्मनीचं काहीबाही सांगत होतो, तेव्हा तो काढला आणि एकेक रकाना मराठीत वाचू लागलो. त्यांना वाटलं, पेन्शनचा फॉर्म आहे, आत्याच्या नावानं काही मिळतंय.

"आता कायले मिळेल? मरून किती वर्षं झाली."

"मिळत नाही हो. नुसतं विचारतो. यात लिहिलंय, भेटायला नियमित कोणी येतं का."

"रोज तर मी जाऊन बसत होतो तिच्याजवळ."

बाई असूनही काकू स्वतःबद्दल 'होतो' म्हणतात, आमच्याकडचं बोलणं तसं. मी पुढचा रकाना वाचला. नेमकं काय काम करते.

"आता हे काय विचारणं झालं! तांदूळ निवडे ना ते. आपल्याच घरचे नाही, अख्ख्या आळीचे. लग्न निघालं की पायल्या पायल्या तांदूळ तिच्या पुढं. एक खडा म्हणून राहू देत नव्हती. आणि बकऱ्या मोजून आत घ्यायची. तिले वीसपर्यंत येत होतं, बकऱ्या सतराच. आणि तू लहान होतास तेव्हा बावलीच्या पायरीवर बसायची ते कायले बसायची? उगाच? तुम्ही पोरं खाली उतरत होतात. तुह्या आजीनं सांगून ठेवलं होतं, पोरं मोजत जा. वर आलेले मोजल्याशिवाय ते उठत नव्हती. एकदा तू त्या ओवरीत झोपून गेला तर अंधार पडेपर्यंत तिथंच बसून ओरडत राहिली, मग कंदील घेऊन गेले लोक."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"लिही न मग," काकू म्हणाल्या. "का जागा पुरत नाही?"